ग्रामपंचायतीत कर्मचाऱ्यावर हात उचलला गेला तर: त्या दिवशी काय करायचे आणि पुढे काय बदलायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोकणातल्या किनाऱ्यालगतच्या एका ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकारी धरून सहा जण काम करतात. घरपट्टीच्या नोंदीला, म्हणजे नमुना 8 ला, नाव लावण्यावरून एका अर्जदाराने लिपिकाची कॉलर धरून त्याला भिंतीवर ढकलले. गावातली वजनदार माणसे ‘आपापसात मिटवा’ म्हणतात. पोलीस ठाणे वीस किलोमीटरवर आहे. आता काय करावे, आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करता येईल?

सगळ्यात आधी लिपिकाला दवाखान्यात न्या, रक्त आलेले नसले तरी. भिंतीवर आपटलेल्या खांद्याची सूज आणि मानेचे दुखणे बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी कळते, आणि तोवर तपासणीचा कागद नसेल तर ती दुखापत कुठून आली हे सिद्ध करणे अवघड जाते. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तिथे जा आणि डॉक्टरांना ‘मारहाण झाली’ असे स्पष्ट सांगा. लाजेपोटी माणूस ‘पडलो’ म्हणतो, केसपेपरवर तेच लिहिले जाते, आणि पुढे न्यायालयात समोरचा वकील तोच कागद दाखवतो. मारहाण म्हटल्यावर वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते आणि पोलिसांना जखमेचा दाखला मागवता येतो. फाटलेला शर्ट धुऊ नका, कागदी पिशवीत घालून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत आपल्याकडच्या दमट हवेत कापडाला बुरशी धरते.

एकाने दवाखाना पाहायचा, त्याच वेळी दुसऱ्याने कार्यालय सांभाळायचे. उलटलेली खुर्ची, विखुरलेले कागद, फुटलेली काच जागच्या जागी ठेवून मोबाइलवर फोटो काढा: आधी दारातून सगळ्या खोलीचा, मग जवळून. तिथे हजर असलेल्यांची नावे आणि फोन नंबर लगेच लिहून घ्या. संध्याकाळपर्यंत ‘मी काही पाहिले नाही’ सुरू होते, आणि त्यात त्यांचाही फार दोष नसतो, त्यांना त्याच वाडीत राहायचे असते. सीसीटीव्ही असेल तर डीव्हीआरमधले, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रातले, चित्रण त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्या, शक्य झाले तर डीव्हीआरच बाजूला काढून सील करा. जागा भरली की डीव्हीआर जुने चित्रण आपोआप पुसतो, आणि छोट्या हार्डडिस्कवर ते पंधरा दिवसही टिकत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) प्रमाणे अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा संगणकीय आकडा, नोंदवायचे असते. पोलिसांना याची आठवण तुम्ही करून द्या.

आता फिर्याद. इथेच निम्मी प्रकरणे लंगडी होतात, कारण तक्रारीत एवढेच लिहिलेले असते: ‘शिवीगाळ करून शासकीय कामात अडथळा आणला.’ 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुने 353 आता कलम 132 आहे. लोकसेवक कर्तव्य बजावत असताना त्याला त्यापासून परावृत्त करण्यासाठी हल्ला किंवा फौजदारी बळाचा वापर केला तर ते लागते: दोन वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र (पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात) आणि अजामीनपात्र. दुखापत झाली असेल तर कलम 121(1), पाच वर्षांपर्यंत. गंभीर दुखापत असेल तर 121(2), एक ते दहा वर्षे. नुसता अडथळा म्हणजे कलम 221, तीन महिन्यांपर्यंतची शिक्षा, आणि त्याची दखल न्यायालय केवळ संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवरून घेते. म्हणून तक्रारीत ‘अडथळा’ हा एकच शब्द असला की प्रकरण तिकडे सरकते. तसेच नुसत्या शब्दांना कायदा हल्ला मानत नाही. हात उगारणे, अंगावर धावून जाणे, फाइल फेकून मारणे, ढकलणे अशी कृती लागते, आणि ती तक्रारीत दिसली पाहिजे.

तेव्हा असे लिहा: ‘सकाळी 11.20 च्या सुमारास मी कार्यालयात माझ्या टेबलाशी बसून अमुक अर्जावरील हरकतीची नोटीस तयार करत होतो. अमुक यांनी आत येऊन “आत्ताच नाव लाव” असे म्हटले. मी हरकतीची मुदत संपली नसल्याचे सांगितले. त्यांनी उजव्या हाताने माझ्या शर्टाची कॉलर धरून मला मागच्या भिंतीवर ढकलले. माझा डावा खांदा भिंतीवर आदळला.’ कोणते काम चालू होते, ते कोणाच्या आदेशाने, कोणत्या हाताने काय केले, कोणते शब्द वापरले, ते सगळे क्रमाने. शिव्या ‘अश्लील भाषा’ म्हणून गुंडाळू नका, कितीही अवघड वाटले तरी जशाच्या तशा लिहा. जातिवाचक शब्द असतील आणि कर्मचारी अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो आणि तसे झाल्यास तपास वेगळ्या पातळीवरच्या अधिकाऱ्याकडे जातो. सोबत नेमणुकीचा आदेश आणि त्या दिवशीच्या हजेरीची प्रत जोडा. डाटा एंट्री ऑपरेटर किंवा पाणी सोडणारा माणूस एजन्सीमार्फत असेल तर तो लोकसेवक आहे का यावर वाद घातला जातो. त्याच्या बाबतीत काम सोपवल्याचे पत्र तर हवेच, शिवाय साधी दुखापत (115) आणि धमकी (351) यांची कलमे लागतील इतका तपशीलही हवा.

ठाण्यात लिपिकाला एकट्याला पाठवू नका. फिर्यादी तोच राहील, पण कार्यालयप्रमुख शेजारी बसलेला असावा आणि गटविकास अधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवलेले असावे. वरिष्ठ बरोबर आले नाहीत तर पोलीसही ते भांडण वैयक्तिक समजतात आणि अदखलपात्र नोंद करून परत पाठवतात. पावसात घाट बंद असेल, तर अडून राहू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. हद्दीचा वाद असला तरी ती घ्यावी लागते. प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मिळते, मागून घ्या. नोंदच झाली नाही तर त्याच कलमाच्या पोटकलम 4 प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

उलट तक्रार येणार हे गृहीत धरा. ‘पैसे मागितले’ आणि ‘मलाच मारले’ या दोन नेहमीच्या. त्यांना उत्तर तुमच्या जुन्या कागदांतूनच द्यावे लागते: अर्ज कधी आला, पोच दिली का, त्रुटी लेखी कळवली का.

‘मिटवा’ याबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. तंटामुक्ती समितीने बांधावरचे, गडग्याचे (दगडी कुंपणाचे), पाखाडीचे (पायवाटेचे) वाद मिटवावेत, ते तिचे काम आहे. कामावरच्या माणसाला मारल्याचा वाद दोन घरांमधला नसतो. शिवाय कलम 132 चा गुन्हा आपसात मिटण्याजोगा नाही. गुन्हा नोंदल्यावर गावकीत लिहून घेतलेल्या माफीनाम्याने तो संपत नाही, तो रद्द करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. आणि गुन्हा न नोंदवता माफीनाम्यावर सोडला, तर पुढच्या वेळी मार खाणारा शिपाई किंवा पाणीवाला असतो, कारण किंमत किती आहे ते गावाला कळलेले असते. लिपिकावर दबाव आणणाऱ्यांना एकच उत्तर द्या की निर्णय कार्यालयाचा आहे, त्याचा नाही. हे ओझे त्याच्या खांद्यावरून काढून घेणे हीच त्याला पहिली खरी मदत आहे.

तोच माणूस पुन्हा येईल अशी भीती असेल तर पोलिसांमार्फत तहसीलदारांकडे, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली चॅप्टर केसचा प्रस्ताव मागा. शांतता राखण्याचे एक वर्षापर्यंतचे बंधपत्र घेता येते, आणि लहान गावात त्याचा धाक बराच पडतो.

आता पुढचे. हिंसेआधी जवळजवळ नेहमी एक कागद अडकलेला असतो, आणि प्रतिबंधाचे बहुतेक काम तिथेच आहे.

आपल्याकडे घर सामाईक, सात-बारावर पंधरा नावे, एक भाऊ गावात आणि तीन मुंबईत. गणपतीला किंवा मे महिन्यात चाकरमानी येतात, घराची गोष्ट निघते आणि दुसऱ्या दिवशी सगळे ग्रामपंचायतीत. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही, हे लोकांना सांगितले जात नाही, त्यामुळे नाव लागले म्हणजे घर मिळाले आणि नाही लागले म्हणजे गेले असे दोन्ही बाजू समजतात. हे वाक्य अर्जाच्या नमुन्यावरच मोठ्या अक्षरात छापा. प्रत्येक अर्जाला तारीख, आवक क्रमांक आणि सही असलेली पोच द्या. सेवा हक्क कायदा 2015 मधल्या अधिसूचित सेवांना तर कालमर्यादा आणि अपील अधिकाऱ्याचे नाव भिंतीवर लावणे बंधनकारकच आहे. हरकत आली तर ‘थांबा’ असे तोंडी न सांगता लेखी कळवा: कोणाची हरकत आहे, कोणता कागद हवा, कोणत्या मासिक सभेत विषय येणार. ‘उद्या या’ म्हणू नका. वरच्या वाडीतून रिक्षाला दोनशे रुपये घालून आलेल्या माणसाला तिसऱ्यांदा ‘उद्या या’ ऐकावे लागले तर त्याचा आवाज चढणारच, आणि त्याचा राग खरा असतो. मारणे गुन्हा आहे म्हणून तो राग खोटा ठरत नाही.

बऱ्याच कार्यालयांत दारावरच पाटी असते: ‘शासकीय कामात अडथळा आणल्यास कलम 353 प्रमाणे कारवाई’. ती काढा. कलमाचा आकडा आता चुकीचा आहे हे एक, आणि दारातच धमकी वाचून माणूस आत येतो हे दुसरे. त्या जागी कोणते काम किती दिवसांत होते आणि नाही झाले तर कोणाकडे जायचे त्याची पाटी लावा. प्रश्न विचारणाऱ्याला, मोबाइलवर चित्रण करणाऱ्याला कलमाची भीती घालू नका. फोन हिसकावला तर तुमचाच कर्मचारी आरोपी होतो. चित्रण चालू असेल तर शांतपणे बोलत राहा, ते पुढे तुमचाही पुरावा असते.

बसण्याची रचना अर्ध्या दिवसात बदलता येते. कर्मचाऱ्याची खुर्ची अशी ठेवा की त्याला दाराकडे जाताना अभ्यागताला ओलांडावे लागणार नाही. जुन्या चिरेबंदी इमारतींत एकच दार असते, तिथे टेबल दाराच्या बाजूला घ्या आणि अभ्यागत आतल्या बाजूला बसवा. मागे भिंत आणि पुढे टेबल अशा कोपऱ्यातच माणूस सापडतो, तुमच्या लिपिकाचे तेच झाले. काउंटर करायचा असेल तर साधारण एक मीटर उंच आणि पाऊण मीटर रुंद हवा, म्हणजे पलीकडून कॉलरपर्यंत हात सहज पोचत नाही. टेबलावरची काच, दगडी पेपरवेट, पोलादी पट्टी, पंचिंग मशीन खणात. अभ्यागतांसाठी जड बाक ठेवा, हलकी प्लास्टिकची खुर्ची उचलून फेकता येते. बाहेर सावलीत बसायला जागा आणि पिण्याचे पाणी असू द्या. मे महिन्यात पत्र्याच्या पडवीत तासभर उभे राहिलेला माणूस आत येतानाच तापलेला असतो.

कोयतीचे काय? बागेतून थेट आलेल्या माणसाच्या कमरेला कोयती असणे आपल्याकडे शस्त्र बाळगणे नव्हे. पण पडवीत एक लाकडी फळी आणि खुंट्या लावून ‘कोयती, काठी, छत्री इथे ठेवा’ असा सगळ्यांना सारखा नियम करा. सरपंचांनी आणि सदस्यांनी आधी पाळला की इतर पाळतात. ठरावीक माणसालाच ‘कोयती बाहेर ठेव’ म्हटले की तिथेच ठिणगी पडते.

धोक्याच्या घंटेसाठी बॅटरीवर चालणारी बिनतारी बेल पुरते. बटण टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवा, घंटा शेजारच्या खोलीत किंवा समोरच्या अंगणवाडीत. विजेवर चालणारी घेतली तर पहिल्याच वादळी पावसात मुकी होते. डीव्हीआरही इन्व्हर्टरवर हवा. खाऱ्या हवेत कॅमेऱ्याचे जोड गंजतात, म्हणून ते बंद डब्यात घ्या आणि पावसाळ्याआधी व नंतर तपासा. कॅमेरा छताला लावला तर फक्त डोकी दिसतात, दाराकडचा एक तरी सव्वादोन ते अडीच मीटरवर लावा. घंटेशिवाय एक सांकेतिक वाक्यही ठरवा, उदाहरणार्थ ‘जुनी तांबडी वही आणा’. ते ऐकल्यावर कोण आत येणार, कोण 112 लावणार, कोण इतर अभ्यागतांना बाहेर काढणार हे नावानिशी ठरलेले हवे. गाडी यायला वेळ लागणार, म्हणून पोलीस पाटील आणि बीट अंमलदार यांचे क्रमांक फोनजवळ चिकटवा. मोबाइलची रेंज खोलीच्या कोणत्या कोपऱ्यात येते हे सगळ्यांना माहीत असू द्या.

आवाज चढू लागला की कर्मचाऱ्याने बसून राहावे आणि समोरच्यालाही बसवावे. अंगाला हात लावायचा नाही, अंतर दोन हातांचे. समोरचा मालवणीत बोलत असेल तर तुम्हीही मालवणीत बोला, ‘काका’, ‘वयनी’ म्हणा, पण एकेरीवर येऊ नका. ‘नियम आहे’ एवढ्यावर थांबू नका, पुढची पायरी सांगा. दहा मिनिटांत उतरले नाही तर दुसऱ्या माणसाने सूत्रे घ्यावीत, कारण पहिला आता त्याच्या रागाचा भाग झालेला असतो.

कार्यालयाबाहेर धोका वाढतो. जुलै 2019 मध्ये कणकवलीत महामार्गाच्या उपअभियंत्यावर चिखल ओतून त्याला पुलाला बांधले गेले. ऑगस्ट 2021 मध्ये ठाण्यात फेरीवाल्यांवरील कारवाईत महिला सहायक आयुक्तांवर वार होऊन त्यांची बोटे तुटली. दोन्ही घटना भर रस्त्यात घडल्या. वसुली, नळ तोडणे, अतिक्रमण पाहणी यांना एकटे जायचे नाही. जाताना वहीत ठिकाण, वेळ आणि परतीची वेळ लिहा. परतीच्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन नाही आला तर कोण शोधणार हे ठरवा. गाडी परतीच्या दिशेने तोंड करून लावा, आणि साकवापलीकडची, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापलीकडची, वाडी असेल तर साकवाच्या अलीकडेच. शिमगा, गणपती, घरात लग्न किंवा दहावे-बारावे असताना वसुली नको. नळ तोडण्याआधी बिल आणि मागणी नोटीस बजावल्याची सही हातात असू द्या. किनाऱ्यावरच्या टपऱ्या, स्टॉल हटवताना पथविक्रेता कायदा 2014 मधली रीत पाळा; तो कायदा शहरांसाठी आहे, पण रीत इथेही उपयोगी पडते: हलवण्याआधी तीस दिवसांची नोटीस, आणि जप्त मालाची यादी त्याच जागी सही करून द्या. त्या कायद्यात नाशवंत माल मागणी केल्यास त्याच दिवशी, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत करायचा असतो. यादी न देता मासळीची टोपली उचलली की बाचाबाचीची हाणामारी होते. अतिक्रमणाला पोलीस बंदोबस्त मागितला आणि मिळाला नाही तर कारवाई पुढे ढकला, तसे लेखी नोंदवा.

पाणी सोडणारा कर्मचारी सगळ्यात उघडा असतो. उतारावरच्या गावात खालच्या वाडीला आधी आणि जोरात पाणी जाते, वरच्या वाडीला करंगळीएवढी धार. वेळापत्रक जाहीर नसेल तर प्रत्येक जण समजतो की व्हॉल्व्हमनने नात्यातल्यांना जास्त सोडले. वाडीवार वेळ फळ्यावर आणि गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका. व्हॉल्व्हच्या चेंबरला झाकण-कुलूप लावा, एक किल्ली त्याच्याकडे, एक कार्यालयात. वीज गेल्याने वेळ चुकली तर पंपाची नोंदवही दाखवता आली पाहिजे. वेळापत्रक सभेच्या ठरावाने मंजूर करून घ्या, म्हणजे भांडण त्याच्याशी उरत नाही.

ग्रामसभेत बहुतेक वेळा इतिवृत्ताची वही हिसकावली जाते. पाने क्रमांकित ठेवा, प्रत्येक ठराव लिहिला की लगेच त्या पानाचा फोटो घ्या. व्यासपीठ दाराच्या बाजूला, चित्रण सुरुवातीपासून. तापणारा विषय पत्रिकेवर असेल तर पोलीस ठाण्याला आधीच पत्र द्या. अध्यक्षांनी सभा तहकूब करण्याचे वाक्य आधी ठरवून ठेवावे, गोंधळात ते सुचत नाही.

मारणारा बाहेरचाच असतो असे नाही. सदस्याने किंवा सरपंचाने हात उचलला तर फौजदारी तक्रारीशिवाय ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली गैरवर्तनाबद्दल पदावरून काढण्याचा प्रस्ताव जिल्हा परिषदेमार्फत विभागीय आयुक्तांकडे, आपल्यासाठी कोकण भवनात, जातो. मारणारा सहकारी जिल्हा परिषदेच्या सेवेतला असेल तर जिल्हा परिषद सेवा (शिस्त व अपील) नियम 1964 आहेत. महिला कर्मचाऱ्याच्या लैंगिक छळाची तक्रार दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समितीकडे नव्हे, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. मुदत तीन महिने, कारण असेल तर आणखी तीन. उपकेंद्रातल्या परिचारिकेला मारहाण झाली तर वैद्यकीय सेवा संरक्षणाचा 2010 चा राज्य कायदाही लावायला सांगा.

लिपिक कामावर परतेल तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे त्याला खिडकीवर एकटे बसवू नका. पण त्याला न विचारता बदलीही करू नका, ती त्यालाच झालेली शिक्षा वाटते. तारखांना न्यायालयात जाणे हे कर्तव्य धरले जाईल असे लेखी द्या, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला तो साक्ष सोडून देतो.

आणि ज्याने ढकलले त्याचा नमुना 8 चा अर्ज थांबवू नका. तो दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे द्या, हरकतीची सुनावणी ठरलेल्या तारखेला घ्या, निर्णय कारणांसह नोंदणीकृत स्पीड पोस्टाने पाठवा.